चिंधीचं गजकर्ण

आणि लिफ्टचं दार नेमकं तेव्हाच मिटायचं होतं! एरवी बघा, माणूस अर्धा आत अर्धा बाहेर असला तरी ढिम्म हलत नाही, मेंटेनन्सवाल्यांना सांगून सांगून माझा घसा बसला, आणि त्या दिवशी मेलं कसं सर्रकन मिटलं. मी आपली कचऱ्याचा डबा घेऊन उभी. अंगात गाऊन, गाऊनवर ह्यांचा जुना स्वेटर, डोक्याला तेल चोपडलेलं, म्हणजे चार लोकांत शिरावं असा अवतारच नाही. आत, वरून कुठूनशी उतरणारी सातव्या मजल्यावरची सेठीबाई, बरोबर तिची कुणी मैत्रीण, दोघींचं माझ्याकडे लक्षसुद्धा नाही, आणि सेठीबाई सांगतेय, "अजी वो नौवीं मंज़िल वाली शैला जी... बिल्ली तो बहाना है, असली बात तो ये है कि..." आणि खट्ट. गेली लिफ्ट.

असली बात तो काय? ये है कि काय?

मला काय करायचंय म्हणा! पण तुम्हाला सांगते, मला कुणी वाढलेल्या ताटावरून उठवलं तर मी उठेन, पण बोलणं असं अर्ध्यावर टाकून जाऊ नये हो. डबा ठेवला तिथेच आणि निघाले जिन्याने. नवव्या मजल्यावरून! हे माझे गुडघे, ज्यांना डॉक्टरांनी सांगितलंय की बाई, आता पायऱ्या विसरा, ते हेच गुडघे. धापा टाकत खाली पोचते तो लिफ्ट गेलेली बेसमेंटला, बेसमेंटला पोचते तो सेठीबाईची गाडी गेटाबाहेर. गार्ड विचारतो, आंटी जी, सब ठीक? मी म्हटलं, बिल्कुल ठीक, टहल रही हूँ. गाऊनमध्ये. बेसमेंटमध्ये. त्याने मान डोलावली बिचाऱ्याने, काय करणार?

आता तुम्ही म्हणाल, कोण ही शैलाजी? सांगते. शैलाताई म्हणजे आमच्या समोरचं दार. नोएडातली एवढी मोठी सोसायटी, एवढे टॉवर, पण आमच्या टॉवरमध्ये मराठी म्हणाल तर ती दोनच दारं, एक त्यांचं, एक आमचं. त्या नागपूरच्या, मी वर्ध्याकडची, म्हणजे माहेर एकाच रेल्वेलाइनीवर. त्या शिकलेल्या, दिल्लीच्या मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होऊन रिटायर झालेल्या, मी आपली दहावी, तीही दुसऱ्या खेपेला, पण त्यांनी कधी जाणवू दिलं नाही. दार उघडलं की तोंडातून मराठी निघतं, एवढंच सुख हो. दिवसभर हिंदीत भाजी घ्या, हिंदीत भांडा, हिंदीत शिंका... मग संध्याकाळी समोरचं दार वाजवायचं आणि म्हणायचं, "काय हो, झाला का चहा?" बस. जीभ घरी आल्यासारखी वाटते.

आणि आमची एक वाटी होती. म्हणजे एकच नव्हे, पण पद्धत एक. त्यांच्याकडून वाटी भरून आली की रिकामी परत करायची नाही. त्यांनी झुणका पाठवला, मी वाटीत लाडू घालून परत, लाडवाच्या वाटीत त्यांची चटणी, चटणीच्या वाटीत माझी उसळ... कुणाची वाटी कुणाकडे होती हे दोघींनाही आता सांगता येणार नाही. बुद्धपौर्णिमेची खीर तर त्यांच्या हातचीच. अर्जुनराव, म्हणजे शैलाताईंचे मिस्टर, ते होते तेव्हा खीर घेऊन तेच यायचे, पायात स्लिपर, आणि दारातच म्हणायचे, "वहिनी, चाखून सांगा, साखर मी घातलीय." म्हणजे गोडमिट्ट असणार हे आधीच कबूल.

ते गेले. झोपेतच गेले, मागच्या पावसाळ्यात. शैलाताई रडल्या नाहीत, निदान माझ्यासमोर नाही. फक्त एक व्हायचं, रोज सकाळी किल्ली घेऊन खाली पार्किंगमध्ये जायच्या. अर्जुनरावांची गाडी होती डिझेलची, जुनी, मुदत संपलेली, इथे दिल्लीकडे दहा वर्षांवरची डिझेल गाडी रस्त्यावर काढू देत नाहीत. तर ह्या रोज जाऊन ती गाडी चालू करायच्या, आत बसायच्या थोडा वेळ, आणि बंद करून वर यायच्या. मला काय करायचंय, पण मी विचारलं एकदा. म्हणाल्या, "बॅटरी उतरते गं." आता जी गाडी कुठे जायचीच नाही तिच्या बॅटरीचं काय घेऊन बसायचं? पण मी गप्प राहिले. मीही गप्प राहू शकते, हसू नका.

त्यांची एकच मुलगी, उन्नती. गुरुग्रामला असते, त्या काचेच्या टॉवरांपैकी एकात ऑफिस आणि दुसऱ्यात घर. गुणी पोर आहे, माझ्या डोळ्यांसमोर मोठी झाली, मला शेवंतामावशी म्हणते. मराठी बोलते, पण मधेच अडखळते, शब्द सापडेना की चुटकी वाजवते, "मावशी, ते काय म्हणतात, यार..." तर उन्नतीला मुलगी झाली, मैत्री नाव ठेवलं. बाळंतपणाला शैलाताई तिकडे राहून आल्या. आल्या त्या पाठोपाठ उन्नतीचा फोन, आई, गाडी उगाच उभी आहे, भंगारात देऊन टाकू, मी माणूस पाठवते. शैलाताई म्हणाल्या, "चालेल."

शैलाताईंचा हा शब्द बरं का. चालेल. भाजीवाल्याने कालची मेथी दिली, चालेल. सोसायटीने त्यांच्या खिडकीसमोर मोबाइलचा टॉवर उभा केला, चालेल. एवढी ऑफिसात राज्य केलेली बाई, पण घरच्या माणसाला नाही म्हणणं ह्यांच्या तोंडाला माहीतच नाही.

तर ते लोक गाडी न्यायला आले. जानेवारी, धुकं असं की समोरचा खांब दिसत नाही. आम्ही दोघी शाली गुंडाळून उभ्या. त्या माणसाने बॉनेट उघडलं आणि दचकून मागे झाला, आत इंजिनावर मांजराचं पिल्लू! मुठीएवढं. रोज सकाळी गाडी चालू व्हायची ना, इंजिन ऊन व्हायचं, तर ते त्या उबेला येऊन बसायचं. आईचा पत्ता नाही. अंगावर ग्रीस, एक कान मुडपलेला, आणि ओरडतंय तर आवाज फुटत नाही. गाडी गेली ट्रकवर चढून आणि शैलाताईंच्या शालीत ते पिल्लू राहिलं. मी म्हटलं, अहो ही चिंधी कुठे घरात घेताय? झालं, तेच नाव पडलं. चिंधी.

आणि मला मांजर आवडत नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढे कामाला येईल.

थोडे दिवस गेले आणि चिंधीच्या कानामागचे केस झडायला लागले. गोल. मग पाठीवर एक गोल, शेपटीवर एक, जणू कुणी बांगडी ठेवून कातरलंय. कडेला कोंडा. मी बघितल्याबरोबर सांगितलं, हे गजकर्ण आहे, दुसरं काही नाही, आमच्या गावाला सगळ्या पोरांना व्हायचं. आणि धावत जाऊन आमच्या फ्रिजमधली ट्यूब आणली. ती नाही का, कुठल्याही केमिस्टकडे मिळते, खाज म्हणा, पुरळ म्हणा, आमचे हे सगळ्याला तीच लावतात. शैलाताईंनी ट्यूब हातात घेतली, चष्मा लावून मागचं सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "शेवंता, आधी डॉक्टरला दाखवू या."

गेलो. जनावरांची डॉक्टर, एवढीशी पोरगी, दोन वेण्या घातल्या तर शाळेत बसवाल. तिने खोलीतला दिवा घालवला, खिडकीला काळा पडदा, आणि एक जांभळा दिवा धरला चिंधीच्या अंगावर. तुम्हाला सांगते, मांजर चमकायला लागलं! हिरवं! कच्च्या कैरीसारखं हिरवंगार, कान, पाठ, शेपूट, जिथे जिथे ते गोल तिथे तिथे. मी शैलाताईंचा हात घट्ट धरला. आणि डॉक्टरीण थंडपणे सांगतेय की फंगल आहे, माणसाला लागतं, मुलांना तर फार लवकर. पिल्लू एका खोलीत ठेवा, झाडलोट रोज, अंथरूण गरम पाण्यातून, पोटात औषध, आणि गंधकाच्या पिवळ्या पाण्यात बुचकळायचं, आठवड्यातून दोनदा. पुसायचं नाही, धुवायचं नाही, तसंच वाळू द्यायचं, आणि चाटू नये म्हणून गळ्यात ते प्लास्टिकचं कर्ण्यासारखं घालायचं. ट्यूबचं मी विचारलंच. म्हणाली, वो बिल्कुल नहीं आंटी, उसमें स्टेरॉइड होता है, ऊपर से ठीक लगेगा, अंदर फैलता जाएगा. आमच्या ह्यांची खाज वर्षानुवर्षं का जात नाही ते मला त्या मांजराच्या दवाखान्यात कळलं.

मग ती आंघोळ! शैलाताईंनी हातमोजे घातलेले कोपरापर्यंत, मी चिंधीला धरलेलं, आणि बाटलीचं झाकण उघडलं मात्र... अहो, तो वास! सडकी अंडी म्हणजे काय ते नाकात शिरून, घशात उतरून, पदराला चिकटून बसलं. माझी पायातली जोडवी काळी पडली, खोटं नाही, चांदी काळी पडते त्याने. चिंधी पिवळी झाली, काविळीच्या पेशंटसारखी, आणि त्या कर्ण्यातून माझ्याकडे असं बघत होती, जसं काही हे सगळं माझ्याच डोक्यातून निघालंय.

आणि मग शैलाताईंच्या हातावरच उठलं. मनगटाच्या वर, गोल, लाल. त्यांनी उन्नतीला फोनवर सांगितलं आणि ती पोर एकदम धास्तावली. त्याचं कारण होतं. उन्नतीची रजा संपत आली होती. तिचं ठरलेलं होतं की आईने आता कायमचं गुरुग्रामला यायचं, मैत्रीला सांभाळायचं, आणि हा फ्लॅट विकायचा. एकटी कशाला राहतेस आई, किती लांब पडतं, रात्री काही झालं तर? तेही खरंच होतं. नोएडा ते गुरुग्राम म्हणजे, तुम्हाला माहीत आहे, मधे अख्खी दिल्ली. शैलाताई काय म्हणाल्या होत्या? बरोबर. चालेल.

पण आता हे गजकर्ण. बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलं, पूर्ण बरं होईपर्यंत आजीने जवळ यायचं नाही. उन्नतीने रजा वाढवून घेतली, आणि शैलाताई राहिल्या इथेच.

त्या दिवसांत वाटीसुद्धा बंद झाली. दारापुढे स्टूल ठेवलं होतं त्यांनी, माझी वाटी मी त्यावर ठेवायची, त्या मागाहून उचलायच्या. मी म्हटलं, मला काही होत नाही, मी घट्ट आहे. ऐकल्या नाहीत. आणि गॅलरीत बसून फोनवर नातीला बघायच्या. मैत्री पालथी पडायला लागली, फोनवर. दात दिसला, फोनवर. ह्या काचेवरून बोट फिरवायच्या, तर तिकडचा फोनच बंद व्हायचा, मग परत लावायचा. नातीच्या उष्टावणासाठी त्यांनी चांदीची वाटी आणून ठेवली होती, छोटीशी, कपाटावर, अर्जुनरावांच्या फोटोजवळ. उष्टावण झालं. तिकडे. स्टीलच्या वाटीतून. ह्या इथे फोन धरून बसल्या आणि म्हणाल्या, "खाल्लं बघ, खाल्लं." त्या दिवसापुरतं मला आत घेतलं होतं, मी लांब मागे उभी होते. मला काय करायचंय, पण मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

होळीच्या सुमाराला जयदीप यायला लागला. जयदीप म्हणजे प्रॉपर्टी डीलर, दाढी कोरलेली, "आंटी जी, पार्टी एकदम जेन्युइन है." उन्नतीने फोनवरून त्याला लावलेला. पार्टी घर बघायला येणार म्हटलं की मी आपली दाराच्या भिंगाला डोळा लावून. पहिली पार्टी मेरठची. नवरा, बायको, सासू, सासूच्या हातात जपमाळेची पिशवी. दार उघडलं आणि सासूने पदर नाकाला लावला. "राम राम राम... अंडा!" जयदीप सांगतोय, माँ जी, दवाई है, बिल्ली की दवाई है. तर सासू म्हणे, "बिल्ली अंडे देती है?" आणि चालती झाली. मी इकडे भिंगामागे पोट धरून.

दुसरी पार्टी आली, ती उंबऱ्यावरूनच गेली. तिसऱ्या वेळी त्या माणसाने खिडक्यांची दिशा विचारायला तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. आणि प्रत्येक वेळी पार्टी गेली की शैलाताई सगळ्या खिडक्या उघडायच्या, आणि तुम्हाला सांगते, गुणगुणायच्या. अर्जुनराव गेल्यापासून त्या बाईच्या तोंडून सूर ऐकला नव्हता मी.

तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. पण मग ते लिफ्टचं झालं. बिल्ली तो बहाना है. मला काय करायचंय, करायचंय, करायचंय... करता करता डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्याच दिवशी मुद्दाम जयदीप यायच्या जरा आधी गेले, स्टूलबिल बाजूला सारून सरळ आत. चिंधी खिडकीत उन्हात पसरलेली. कर्णा नाही, पिवळेपणा नाही, कानामागे केस, पाठीवर केस, शेपूट तर बाटली घासायच्या ब्रशसारखी फुललेली. आणि अंग खडखडीत कोरडं. आणि स्वयंपाकघरात गॅसवर पातेलं, पातेल्यात ते पिवळं पाणी, हळूहळू तापतंय.

म्हणजे मांजर कोरडं आणि पातेलं गरम!

शैलाताई डाव घेऊन उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मग त्या हळूच म्हणाल्या, "अजून आहे गं थोडं. शेपटीला."

मी शेपटी बघितली. त्यांच्या हातावरचा डाग कधीच गेला होता, तेही बघितलं. आता तुम्ही असता तर काय म्हणाला असता? मी म्हटलं, "हो, दिसतंय खरं. थोडं आहे." आणि गॅस जरा मोठा केला.

म्हणजे सेठीबाईचं खरं होतं तर! मांजर बहाणाच होतं. पण "असली बात" काय, ते पुढचं? ते मला भर बाजारात मिळालं, भेंडी निवडताना. सेठीबाई स्वतःच सांगायला लागली, की अहो, माय-लेकींचं जुंपलंय, मुलीचा डोळा फ्लॅटवर, आणि आई काही सोडत नाही, म्हणून हे मांजराचं नाटक. मी म्हटलं, "नहीं जी, ऐसा कुछ नहीं है." ती म्हणाली, "आपको नहीं पता." मला नाही पता! मी भिंगाला डोळा लावून लावून भुवईचे केस झिजवलेत, आणि मला नाही पता.

भांडण नव्हतंच हो. भांडण असतं तर सोपं गेलं असतं.

मग एक दिवस शैलाताई फोनवर उन्नतीशी बोलत होत्या, नेहमीसारखं, अजून आहे गं, हो, शेपटीला, आणि मधेच चिंधीने मारली उडी मांडीवर आणि शेपूट नाचवली नेमकी फोनसमोर. फुललेली, भरदार, इकडून तिकडे, जशी काही दाखवायलाच आणलीय. उन्नतीने ती नीट बघितली. त्याच रविवारी दाराची बेल वाजली, बाहेर उन्नती, आणि कडेवर मैत्री.

मी भिंगावर होते. पण मग उन्नतीनेच माझं दार वाजवलं, मावशी, तुम्हीपण या. म्हणजे मी काही आपणहून गेले नाही, नोंद घ्या.

घरात तो वास. आत येऊन उन्नती उभीच राहिली. गाडीच्या किल्लीचा खिळा भिंतीवर, त्याला किल्ली नाही. मग फोटोजवळची ती चांदीची वाटी तिने उचलली. उष्टावणाची. न वापरलेली. काळी कुळकुळीत पडलेली, तव्यासारखी, त्या गंधकाच्या वासाने. उन्नतीने बोटाने घासून बघितली, बोट काळं झालं. शैलाताई पटकन म्हणाल्या, "निघतं ते. दंतमंजनाने निघतं."

उन्नती म्हणाली, "आई, नुसतं नाही म्हणायचंस ना. मांजराला कशाला पुढे केलंस?"

शैलाताई खाली बघत होत्या. मग म्हणाल्या, "मी नाही म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस, म्हणून."

मला लगेच नाही कळलं. मग कळलं. नाही म्हटलं असतं तर उन्नतीने खरंच ऐकलं असतं, आणि मग ती एकटी, बाळ एकटं, कुणीतरी अनोळखी बाई सांभाळायला... ते ह्यांना नको होतं. आणि अर्जुनराव जिथून खीर घेऊन माझ्या दारात यायचे ते घर सोडणं, तेही नको होतं. दोन्ही नको, मग करायचं काय? जे तोंडाने म्हणता येत नव्हतं ते त्यांनी गंधकाच्या पाण्याला म्हणायला लावलं. आणि इतके दिवस नातीला काचेतून बघितलं.

तेवढ्यात मैत्रीने आजीकडे बघून ओठ काढले आणि रडायला लागली. ओळखच नाही हो. फोनमध्ये असते ती आजी केवढीशी असते, ही एवढी मोठी बाई कोण? शैलाताईंनी पुढे केलेले हात तसेच मागे घेतले.

त्याच आठवड्यात त्या गुरुग्रामला गेल्या. उन्नती म्हणत होती, नको विकू, राहू दे फ्लॅट, तू तिकडे ये-जा कर. शैलाताईंनीच ठरवलं, भाड्याने द्यायचा. म्हणजे सेठीबाईचं अर्धं खरं, अर्धं खोटं, आणि ती मात्र सगळीकडे पूर्णच सांगत फिरतेय. आता त्या घरात दोन मुली राहतात, कुठल्याशा टीव्ही चॅनेलच्या ऑफिसात आहेत, चांगल्या आहेत बिचाऱ्या, पण जेवण सगळं पिशवीतून येतं. वाटी कुणाला देणार? आणि दारात स्टूल होतं तिथे बुटांचा रॅक.

आणि चिंधी? जावयाला मांजराच्या केसांनी धाप लागते. तुम्ही ओळखलंच असेल. मला मांजर आवडत नाही हे मी आधीच सांगितलं होतं, सांगितलं होतं की नाही? आत्ता माझ्या सोफ्यावर, ह्यांच्या जागेवर झोपलीय. हे मोडक्या खुर्चीवर बसतात आणि म्हणतात, तिला उठवू नकोस.

पहिले काही दिवस मी समोरच्या बेलकडे हात न्यायचे आणि परत यायचे. संध्याकाळी जीभ नुसती तोंडात वळवळायची. मग एकदा न राहवून फोन लावला, आणि लावल्यावर काय बोलायचं ते सुचेना. तर तोंडातून निघून गेलं, "शैलाताई, चिंधीच्या शेपटीला थोडं वाटतंय हो. मला काही कळत नाही. तुम्ही येऊन बघता का?"

शैलाताई म्हणाल्या, "चालेल."

रविवारी आल्या. मेट्रो बदलत बदलत, मधली अख्खी दिल्ली ओलांडून. चिंधीला गॅलरीत उजेडात धरलं, चष्मा लावला, शेपटीचा केस न् केस बघितला आणि म्हणाल्या, "काही नाही गं." मी म्हटलं, मग माझी नजरच गेली. चहा झाला, वाटी भरून दिली. हातपाय धुऊन, इथेच ठेवलेली दुसरी साडी नेसून परत गेल्या, नातीसाठी, पथ्य म्हणजे पथ्य. जाताना समोरच्या दाराशी जरा थांबल्या, त्या बुटांच्या रॅकमधला एक बूट खाली पडला होता, तो उचलून नीट ठेवला, आणि मग लिफ्टचं बटण दाबलं.

पुढच्या रविवारी डावा कान. मग उजवा. मग पाठ, मग पोट. प्रत्येक वेळी त्या येतात, चष्मा लावतात, नीट बघतात, एकदाही विचारत नाहीत की शेवंता, खरंच दिसलं होतं का? मैत्री आता त्यांना सोडत नाही म्हणतात, त्या निघाल्या की दारापर्यंत रांगत येते. तर रविवार लहान लहान होत चाललाय, सकाळी येणारी बाई हल्ली जेवून दुपारी येते. मी काय बोलणार? ते बरोबरच आहे.

परवा उन्नतीचा फोन आला. मावशी, ह्या रविवारी काय आहे, कान का शेपूट, म्हणजे मी तसं टाइम ठेवते. हसत होती पोर. मग हसायची थांबली आणि म्हणाली, "मावशी, प्लीज... काहीतरी असू दे."

असू दे म्हणे. अहो, कुठून आणू? कान झाले, शेपूट दोनदा झाली, पाठ झाली, पोट झालं, पंजे मी एकेक करून पुरवतेय, आता मागचा डावा तेवढा उरलाय. तुम्हाला सांगते, मला काय करायचंय, पण पाळायचंच होतं तर म्हैस पाळायला हवी होती. हे एवढंसं मांजर... बघता बघता संपतं.